जुन्या पान्यावरच्या खुणा आणि त्यांच्यामागचा इतिहास

जुन्या पान्यावरचं सर्वांत ठळक नाव बहुधा विकणाऱ्याचं असतं. तो घडवला कोणी, हे त्याच पान्याच्या दांडीवर एखाद्या बारक्या अक्षरात, चौकटीतल्या चिन्हात किंवा आकड्यात दडलेलं असतं. अशी दोन वेगळी नावं का पडली, हे कळलं की कर्ता शोधणं बरंच सोपं होतं.

सुरुवात ड्रॉप फोर्जिंगपासून होते. लालभडक तापवलेला पोलादी तुकडा खालच्या साच्यावर ठेवायचा आणि वरचा साचा वजनासकट त्यावर आदळायचा, की पान्याचा आकार उठतो. कडेनं बाहेर आलेली जादा पत्तर नंतर छाटून टाकतात. हे तंत्र अमेरिकेत आधी बंदुकांच्या कारखान्यांत मुरलं आणि तिथून अवजारांकडे आलं. हार्टफर्डची ‘बिलिंग्ज अँड स्पेन्सर’ ही या कामातली आद्य कंपनी. तिची खूण त्रिकोणातला बी. ब्रुकलिनच्या ‘जे. एच. विल्यम्स’ची खूण पत्त्यांतल्या चौकटच्या आकारातला डब्ल्यू. एक साचा कोरला की एकसारखे हजारो पाने निघत, त्यामुळे स्वतःची भट्टी नसलेल्या व्यापाऱ्यालाही आपल्या नावाची अवजारं घडवून घेता येऊ लागली.

मग मोटारी आल्या. १९०८ मध्ये फोर्डची ‘मॉडेल टी’ बाजारात उतरली आणि गाडीबरोबर पान्यांचा संचही मिळू लागला. त्या पान्यांवर फोर्डची वळणदार सही असते, पण ते घडवले बाहेरच्या वेगवेगळ्या कारखान्यांनी. पुढे कॅटलॉगवर माल विकणाऱ्या बड्या दुकानांनी हीच वाट धरली. सीअर्सनं १९२७ मध्ये ‘क्राफ्ट्समन’ हे नाव नोंदवलं, पण ती अवजारं सीअर्सनं स्वतः कधी घडवली नाहीत. क्राफ्ट्समनच्या पान्यावर किंवा गोटीवर (सॉकेटवर) नुसता ‘व्ही’ दिसला, तर तो माल स्प्रिंगफील्डच्या ‘मूर ड्रॉप फोर्जिंग’चा. सीअर्सच्या यंत्रांवर मॉडेल नंबरातले टिंबाआधीचे तीन आकडे हेच काम करतात: ११३ म्हणजे इमर्सन इलेक्ट्रिक, १०३ म्हणजे किंग-सीली, १०१ म्हणजे लेथवाली अ‍ॅटलस प्रेस. मला ही तीन आकड्यांची पद्धत फार मोलाची वाटते, कारण दुकानानं आपल्या हिशेबासाठी ठेवलेली खूण आज कारखान्याचा पत्ता सांगते.

अक्षरं उठावाची आहेत की खोलगट, हे बोट फिरवून जरूर पाहावं. उठावाची अक्षरं साच्यातच कोरलेली, म्हणजे ती भट्टीतूनच आलेली; खोलगट अक्षरं सहसा नंतर पंचनं ठोकलेली. एकाच पान्यावर दोन्ही असतील आणि मोठं नाव खोलगट असेल, तर उठावाच्या बारक्या चिन्हाला जास्त वजन द्यावं. आणि गंज काढायला ग्राइंडर लावू नये. उथळ ठसा एकदा घासला गेला, की तो पुरावा कायमचा गेला. गंज तेल आणि पितळी ब्रशनं हळूहळू काढावा, आणि अक्षरं वाचताना बॅटरीचा उजेड अगदी तिरपा धरावा.

पेटंटच्या खुणांमागे कायदा आहे. अमेरिकेत १८४२ च्या कायद्यानं पेटंट घेतलेल्या वस्तूवर पेटंटची तारीख घालणं बंधनकारक केलं. १९२७ मध्ये तारखेच्या जागी क्रमांक आला. म्हणून नुसती तारीख असलेलं अवजार सहसा त्याआधीच्या वळणाचं असतं. क्रमांक असेल तर दहा लाखावं पेटंट १९११ चं, वीस लाखावं १९३५ चं आणि तीस लाखावं १९६१ चं, एवढ्यावरून काळ अंदाजता येतो. मात्र हा आकडा ‘याच्या आधीचं नाही’ इतकंच सांगतो, कारण तेच अवजार पुढे कित्येक वर्षं निघत राही. खरा लाभ पेटंटच्या कागदात आहे: शोध लावणाऱ्याबरोबर हक्क कोणाला दिले तेही त्यात लिहिलेलं असतं, आणि ते नाव अनेकदा थेट कारखान्याचंच निघतं.

युरोपच्या खुणा निराळ्या. जर्मन अवजारांवरचं ‘डी.आर.पी.’ म्हणजे राष्ट्रीय पेटंट आणि ‘डी.आर.जी.एम.’ म्हणजे त्याहून साधी नोंदणी; ही कंपनीची आद्याक्षरं नव्हेत. ‘हाझेट’ हे नाव मात्र खरोखरच आद्याक्षरांचं आहे: रेमशाइडच्या हेर्मान त्सेर्वरच्या एच आणि झेड या अक्षरांचा जर्मन उच्चार. इंग्लिश पान्यावरचा ‘डब्ल्यू’ पुष्कळांना कंपनीची खूण वाटतो, पण आकड्याशेजारी असेल तर तो व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश नट-बोल्टच्या मापाचा. त्या मापात आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नव्हे. म्हणूनच जुन्या अर्धा इंची व्हिटवर्थ पान्याचं तोंड ०.९२ इंच भरतं.

मुलामाही बोलतो. चकचकीत क्रोम १९२० च्या दशकाच्या मध्यानंतर आलं, त्याआधी निकेल असे. दुसऱ्या महायुद्धात क्रोम आणि निकेल लष्करी कामांसाठी राखले गेले, तेव्हा नावाजलेल्या कारखान्यांनीही साधे, काळपट पाने काढले. असा पाना स्वस्तातला समजून टाकून देऊ नये.

कधी कधी नावच वादात सापडतं. लॉस एंजलिसची ‘प्लॉम्ब’ कंपनी १९०७ पासून अवजारं करत होती, तर फिलाडेल्फियाची ‘प्लम्ब’ हातोड्या आणि कुऱ्हाडींसाठी प्रसिद्ध होती. नावातल्या साम्यावरून प्रकरण कोर्टात गेलं, आणि १९४८ च्या सुमारास प्लॉम्बनं आपलं नाव सोडून ‘प्रोटो’ स्वीकारलं. त्यामुळे प्लॉम्बचा ठसा असलेला पाना साधारण त्या वर्षाअलीकडचा नसतो, आणि त्यावर युद्धकाळातला बिनक्रोमचा काळपट थर असेल, तर त्याचा काळ चार-पाच वर्षांच्या आत बसतो.