लाकडी चौकटीची बांधणी (एसेक्स, इंग्लंड)

खांब, तुळया आणि तिरपे आधार एकमेकांत गुंतवून आधी चौकट उभी करायची, छपराचा सारा भार तिच्यावर सोपवायचा आणि भिंती केवळ आडोशापुरत्या भरायच्या, या पद्धतीला लाकडी चौकटीची बांधणी म्हणतात. पूर्व इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात मध्ययुगातील अशा अनेक इमारती ओकच्या लाकडात टिकून आहेत, आणि जुन्या लाकडी इमारतीचे वय कसे ठरवावे याचे पाठही येथेच फार चांगले मिळतात.

येथील सुतार ओक वर्षानुवर्षे वाळवत ठेवीत नसत. ओला ओक हत्याराला मऊ लागतो आणि वाळल्यावर अतिशय कठीण होतो. म्हणून तोडणीनंतर साधारणतः वर्ष-दोन वर्षांतच लाकूड चौकटीत बसे. ओंडक्यावर रंगवलेले सूत ताणून त्याच्या फटक्याने रेष उठवीत, त्या रेषेपर्यंत कुऱ्हाडीने खाचा पाडीत आणि मधला भाग रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने सोलून काढीत. वाकसाने तासणे, गिरमिटाने भोक पाडणे आणि पटाशीने खाच चौरस करणे हे पुढचे काम. तुळईच्या टोकाचा कुसू, म्हणजे खाचेत बसेल अशी कोरलेली जीभ, खांबाच्या खाचेत बसवून दोन्हींतून ओकची खुंटी ठोकत. मात्र कुसवातले भोक सूतभर आतल्या बाजूला सरकवून पाडलेले असे, त्यामुळे खुंटी आत जाताना सांधा आपोआप आवळला जाई. कोणता कुसू कोणत्या खाचेचा हे चुकू नये म्हणून दोन्ही लाकडांवर रोमन अंकांसारख्या जुळ्या खुणा कोरीत. या खुणा आणि हत्यारांचे ओरखडे आजही हाताला लागतात. करवतीचे कमानदार ओरखडे दिसले, तर ते लाकूड चक्राकार करवतीच्या काळातले, म्हणजे बरेच अलीकडचे असते.

एसेक्समधील क्रेसिंग टेंपल येथे टेंपलर या मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या पंथाने बांधलेली दोन प्रचंड धान्यकोठारे आहेत. त्यांना पूर्वी बरीच नंतरची समजत असत. सेसिल ह्यूएट या अभ्यासकाने सांध्यांची घडण हाच पुरावा मानला. जवाच्या कोठारात तिरपा आधार दुसऱ्या लाकडावर उघड्या खाचेत अर्धवट बसवलेला आहे, तर गव्हाच्या कोठारात तीच खाच आत दडवलेली आहे. या फरकातून सुतारकामाचा क्रम वाचता येतो, असे त्याचे म्हणणे होते. वृक्षवलयांच्या, म्हणजे खोडात दरवर्षी वाढणाऱ्या कड्यांच्या, मोजणीने त्याचा रोख योग्य ठरवला: जवाच्या कोठाराचे लाकूड साधारण 1205 ते 1230 आणि गव्हाच्या कोठाराचे 1257 ते 1280 या काळात तोडलेले आहे. इमारतीच्या सौंदर्याकडे पाहण्याआधी तिचे सांधे पाहावेत, ही शिस्त या विषयाला त्याच्यासारख्या अभ्यासकांमुळे लागली.

वृक्षवलय-कालमापनाचे तत्त्व सोपे आहे. चांगल्या वर्षी कडे रुंद होते, वाईट वर्षी अरुंद, आणि एका प्रदेशातील झाडांमध्ये हा क्रम सारखाच उमटतो. तुळईतून पोकळ गिरमिटाने बारीक कांडी काढायची, तिच्यावरील कडी मोजायची आणि तो क्रम आधीच तयार असलेल्या प्रादेशिक मालिकेशी जुळवायचा. (सागाच्या लाकडातही वार्षिक कडी स्पष्ट उमटतात, म्हणून भारतात अशा अभ्यासासाठी साग महत्त्वाचा ठरला आहे.) खरी अडचण सालीलगत असते. बाहेरचे रसकाष्ठ, म्हणजे सालीखालचे कोवळे लाकूड, किडीला लवकर बळी पडते आणि पुष्कळदा तासलेलेही असते; ते नसेल तर तोडणीचे नेमके वर्ष हाती लागत नाही, फक्त अंदाजाची कक्षा मिळते.

एसेक्समधीलच ग्रीनस्टेड येथील लहान चर्च याचे बोलके उदाहरण आहे. त्याच्या भिंती म्हणजे उभे चिरून शेजारी-शेजारी उभे केलेले ओकचे ओंडके. सपाट बाजू आत, गोल बाजू बाहेर. 1960 मध्ये त्याचे वर्ष 845 असे सांगितले गेले आणि ते सर्वत्र मान्य झाले. 1995 मधील नव्या अभ्यासात मोजता येणारे कडे 1053 पर्यंतच पोचत होते आणि रसकाष्ठ गेलेले होते. त्यासाठी 10 ते 55 वर्षे मिळवून तोडणीचा काळ 1063 ते 1108 असा धरला गेला. चर्च दोनशेहून अधिक वर्षांनी धाकटे ठरले, तरी युरोपातील सर्वांत जुन्या उभ्या लाकडी इमारतींत त्याची गणना होतेच.

एका तुळईचे वर्ष हे संपूर्ण इमारतीचे वर्ष नसते, हेही लक्षात ठेवावे लागते. ओक मौल्यवान असल्याने पडक्या घराची लाकडे नव्या घरात वापरली जात. तुळईवर जोडीदार नसलेली रिकामी खाच किंवा खुंटीचे बिनकामाचे भोक दिसले, की ती आधी दुसरीकडे होती हे समजावे आणि नमुना शेजारच्या लाकडातून घ्यावा.