एदलाबाद ते विधान परिषद : एकनाथ खडसे यांच्या राजकारणाची पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरला जुनी माणसं अजूनही एदलाबादच म्हणतात. जवळच चांगदेवला तापी आणि पूर्णेचा संगम आहे. खाली हतनूरचं धरण झालं आणि फुगवट्याचं पाणी पार तिथवर येऊन थांबलं. शेजारच्या कोथळीत मुक्ताईचं जुनं मंदिर, तिथूनच आषाढीला पालखी पंढरपूरकडे निघते. हेच कोथळी एकनाथ खडसे यांचं गाव. त्यांच्याबद्दल बोलताना २०१४ (हुकलेलं मुख्यमंत्रिपद) आणि २०१६ (मंत्रिपदाचा राजीनामा) या दोनच वर्षांवर चर्चा अडकते. माझ्या मते हा माणूस समजून घ्यायचा तर सुरुवात या मतदारसंघापासून करायला हवी.

हा सगळा पट्टा पूर्वी काँग्रेसचा. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन १९३६ साली इथल्याच फैजपूरला झालं. एदलाबादमधून प्रतिभाताई पाटील १९६७ पासून १९८५ पर्यंत आमदार होत्या. त्या मंत्री झाल्या, विरोधी पक्षनेत्या झाल्या आणि पुढे राष्ट्रपतीही. अशा मतदारसंघात कमळावर निवडून येणं किती अवघड होतं, हे आजच्या पोरांना सांगूनही पटायचं नाही. भाजप तेव्हा शहरातल्या पेठांचा पक्ष मानला जाई. खडसे शेतकरी लेवा पाटीदार घरातले, गावचं सरपंचपद सांभाळलेले. कोणाच्या बांधावरून भांडण आहे, कोणाचं वीजजोडणीचं काम अडलंय हे त्यांना ठाऊक असे. १९९० मध्ये ते पहिल्यांदा आमदार झाले आणि २०१४ पर्यंत सलग सहा वेळा निवडून आले. ‘नाथाभाऊ’ हे नाव या गावपातळीवरच्या कामातून रुजलं.

१९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं. त्या काळात अर्थ आणि पाटबंधारे ही दोन्ही खाती त्यांनी सांभाळली. यातलं दुसरं खातं खान्देशासाठी जास्त मोलाचं. रावेर-यावलच्या केळीला बारा महिने पाणी लागतं आणि ते मुख्यतः विहिरी-कूपनलिकांतून येतं. पाण्याची पातळी खाली गेली की बागाईतदार आणखी खोल बोअर घेतो, कर्ज वाढतं. तापी मात्र शेजारून वाहत गुजरातेत उकाईला जाते. १९९७ मध्ये तापी पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झालं, त्याचं मुख्यालय जळगावला आलं. बोदवड परिसर आणि कुऱ्हा-वढोदा या उपसा सिंचन योजना याच मतदारसंघातल्या. त्या वर्षानुवर्षे रेंगाळल्या. सत्तेत कोणीही असो, हा हिशेब इथल्या प्रत्येक पुढाऱ्याला द्यावाच लागतो, खडसेंनाही.

२००९ ते २०१४ ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. हा त्यांचा सर्वांत चांगला काळ होता, असं मला वाटतं. कागद हातात घेऊन, आकड्यांवर बोट ठेवून ते बोलत. २०१२ मध्ये सिंचन घोटाळ्याच्या आरोपांनी राज्य हादरलं, सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली. पाटबंधारे खातं आतून पाहिलेला माणूस विरोधी बाकावर होता, याला तेव्हा महत्त्व होतं.

सप्टेंबर २०१४ मध्ये शिवसेनेशी युती तुटल्याची घोषणा त्यांनीच केली. निवडणुकीनंतर ज्येष्ठतेनुसार मुख्यमंत्रिपदासाठी त्यांचं नाव पुढे होतं. खान्देशाच्या वाट्याला हे पद कधीच आलेलं नाही, त्यामुळे जिल्ह्यात आशा मोठी होती. पद देवेंद्र फडणवीसांकडे गेलं. खडसेंना महसूल, कृषी अशी वजनदार खाती मिळाली, पण सल राहिला. भोसरी एमआयडीसीतील कुटुंबीयांच्या नावे झालेल्या जमीन व्यवहारावरून आरोप झाले आणि ४ जून २०१६ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आरोप त्यांनी सातत्याने नाकारले. चौकशा पुढेही सुरू राहिल्या.

त्यानंतर ते सत्ताधारी बाकांवर बसून स्वतःच्याच सरकारला प्रश्न विचारू लागले. २०१८ मध्ये त्यांनी सभागृहात मंत्रालयातल्या उंदरांचा हिशेब काढला : सात दिवसांत ३ लाख १९ हजार ४०० उंदीर मारल्याची नोंद कशी काय? जुना विरोधी पक्षनेता पुन्हा जागा झाला होता.

२०१९ मध्ये पक्षाने त्यांना तिकीट नाकारलं. त्यांच्या जागी कन्या रोहिणी खडसे लढल्या आणि अपक्ष चंद्रकांत पाटील यांच्याकडून थोडक्यात हरल्या. (हे मुक्ताईनगरचे चंद्रकांत पाटील, खडसेंनंतर महसूलमंत्री झालेले कोल्हापूरचे वेगळे.) २३ ऑक्टोबर २०२० रोजी शरद पवारांच्या उपस्थितीत खडसे राष्ट्रवादीत गेले. जून २०२२ मध्ये विधान परिषदेवर निवडून आले. पक्ष फुटला तेव्हा ते शरद पवारांसोबत राहिले.

एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी भाजपमध्ये परतण्याचं जाहीर केलं, पण तो प्रवेश प्रत्यक्षात झाला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांच्या सूनबाई रक्षा खडसे रावेरमधून तिसऱ्यांदा खासदार होऊन केंद्रात राज्यमंत्री झाल्या, भाजपकडून. त्यांचीही सुरुवात कोथळीच्या सरपंचपदापासूनच झालेली. नोव्हेंबरमध्ये रोहिणी खडसे शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून पुन्हा विधानसभेला उभ्या राहिल्या आणि पुन्हा चंद्रकांत पाटलांकडूनच हरल्या; पाटील आता शिंदेंच्या शिवसेनेकडून लढले होते. एकाच घरात दोन पक्ष, आणि तीन दशकं नाथाभाऊंची असलेली जागा शिवसेनेकडे.