चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

जुलाब लागलेल्या बाळाचं खाणंपिणं बंद ठेवा, पोटाला विश्रांती मिळू द्या. हा सल्ला घरातली वडीलधारी माणसं पिढ्यानपिढ्या देत आली आणि डॉक्टरही तेच सांगत. अतिसारात बाळ बहुतेकदा दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. म्हणजे सल्ला नेमका उलटा होता. १९८०च्या सुमारास विकसनशील देशांत पाच वर्षांखालची अंदाजे ४६ लाख मुलं दरवर्षी अतिसाराने मरत होती. शिरेतून सलाईन दिलं की मूल वाचतं, हे तेव्हा डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. पण सलाईनला निर्जंतुक बाटल्या, सुया, शिकलेले हात आणि हाकेच्या अंतरावर दवाखाना लागतो. हे सगळं जुळून येईपर्यंत बाळाला वेळ नसतो.

कोडं सुटलं ते आतड्यात. ग्लुकोज शोषताना आतडं सोबत सोडियम ओढून घेतं, असं जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडलं. सोडियममागोमाग पाणी शरीरात येतं. पटकी (कॉलरा) झालेली असतानाही ही वाट उघडी राहते. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या डॉक्टरांनी रुग्णांना मीठ-ग्लुकोजचं पाणी, म्हणजेच जलसंजीवनी, तोंडाने देऊन दाखवलं, आणि सलाईनची गरज खूपच घटली.

तरी हे रुग्णालयातलं यश होतं. बाहेरची परीक्षा झाली १९७१ मध्ये. बांगलादेश युद्धातले निर्वासित सीमेवरच्या बनगावात आले आणि छावण्यांत पटकी पसरली. सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याच्या सोड्याची पाकिटं कोलकात्यात भरून आणली, पिंपात पाणी कालवलं आणि पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. सलाईनविना ३० टक्क्यांपर्यंत जाणारं मृत्यूचं प्रमाण त्यांच्या देखरेखीखाली ३.६ टक्क्यांवर आलं. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण हाच. औषध डॉक्टरच्या हातून घरच्या माणसाच्या हाती गेलं, आणि तरीही त्याने काम केलं. कितीतरी तज्ज्ञांना ते बराच काळ पटलं नाही.

बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेला मात्र पटलं. १९८० पासून दहा वर्षं तिच्या कार्यकर्त्या दारोदार फिरल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, एवढंच त्या आयांना करून दाखवत आणि त्यांच्याकडून करून घेत. नंतर दुसरं पथक येऊन आयांना किती आठवतंय ते तपासे, आणि त्यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे. सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली!

१९८२ मध्ये युनिसेफचे प्रमुख जेम्स ग्रँट यांनी जलसंजीवनीला वाढीची नोंद, स्तनपान आणि लसीकरण यांची जोड देऊन जगभर मोहीम उभी केली. चार वर्षांपूर्वी अल्मा-आता इथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने ‘सर्वांसाठी आरोग्य’ म्हटलं होतं; निवडक उपायांत ते आक्रसलं, पाणी-सांडपाणी-दारिद्र्य बाजूला पडलं, अशी टीका झाली. टीका रास्त होती. पण नळ गावात पोचेपर्यंत आजची मुलं थांबणार नव्हती, हेही तितकंच खरं.

हाच धागा नवजात बाळांपर्यंत पोचला. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात बाळांना ऊब देणाऱ्या काचपेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून डॉ. एडगर रे यांनी कमी दिवसांची बाळं आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधली. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना आरोग्यदूत केलं, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते.

१९९० मध्ये पाच वर्षांखालची सव्वा कोटीहून अधिक मुलं दगावली होती. २०२२ मध्ये ४९ लाख. त्यातली २३ लाख पहिल्या महिन्यातच गेली.

आणि जलसंजीवनी? अतिसार झालेल्या निम्म्याहून कमी मुलांना ती मिळते. कर्नाटक आणि बिहारमध्ये झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचं एक मोठं कारण सापडलं: रुग्णाला ती नकोच असते, असं डॉक्टर धरून चालतात. कोणी नाव घेऊन मागितली, की ती लिहून देण्याचं प्रमाण २७ टक्के-अंकांनी वाढत होतं.