खर्चकर (व्ययकर)

व्यक्तीच्या उत्पन्नाऐवजी तिच्या वर्षभराच्या उपभोगखर्चावर आकारला जाणारा प्रत्यक्ष कर. विक्रीकराप्रमाणे तो वस्तूगणिक दुकानात वसूल होत नाही. वर्षाची आवक, त्यातून मागे टाकलेली शिल्लक आणि मोडलेल्या ठेवी यांचा मेळ घालून जो खर्च निघतो, त्यावर चढत्या दराने आकारणी होते. बचत करमुक्त राहते. भारतात हा कर अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर (१९०८–८६) यांच्या शिफारशीवरून आला.

कल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. सामान्यतः ती इंग्रज तत्त्वज्ञ टॉमस हॉब्जच्या १६५१ मधील विवेचनापर्यंत मागे नेली जाते : माणूस जेवढे उपभोगतो तेवढ्यावर कर असावा, कष्टाने राखणाऱ्यावर उधळ्यापेक्षा अधिक भार का? कॅल्डॉर यांनीही हॉब्जचा आधार घेतला. मात्र व्यक्तिगत, चढत्या दराचा कर हॉब्जला अभिप्रेत होता असे त्या उताऱ्यावरून दिसत नाही; तो युक्तिवाद वस्तूंवरील करालाही तितकाच लागू पडतो. बचतीवर एकदा कमावताना व पुन्हा व्याज हाती येताना असा दुहेरी कर बसतो, हा मुद्दा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलने मांडला. तात्त्विक उगम त्याच्याकडे मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. मोजणीची अडचण अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशरने सोडवली. रोजचा खर्च लिहून ठेवण्याची गरज नाही. आवक आणि शिलकेतील फरक कळला की खर्च कळतो. अमेरिकेच्या अर्थखात्याने १९४२ मध्ये, युद्धकाळात, असा कर सुचवला होता. तो मंजूर झाला नाही. १९५५ च्या ग्रंथात या विखुरलेल्या विचारांना राबवता येईल अशा कराचे रूप देणे, हे कॅल्डॉर यांचे कार्य.

१९५६ च्या भारतविषयक अहवालात त्यांनी प्राप्तिकर, भांडवली लाभकर, संपत्तीकर, देणगीकर व खर्चकर हे एकमेकांत गुंतलेले पाच कर सुचवले. एकाने लपवलेला व्यवहार दुसऱ्याच्या विवरणात उघडा पडावा, हा हेतू. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी १९५७ मध्ये संपत्तीकर व खर्चकर उचलले, पण प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ४५ टक्क्यांवर आणण्याची जोडशिफारस मानली नाही. एक चाक काढून गाडी जुंपावी तसे हे झाले. खर्चकर १ एप्रिल १९५८ पासून लागू झाला, १९६२ मध्ये उठला, १९६४ मध्ये परत आला आणि १९६६ मध्ये कायमचा गेला. वसुली किरकोळ राहिली. याच नावाचा १९८७ चा कायदा महागड्या हॉटेलांच्या बिलांवरचा होता; त्याचा येथे संबंध नाही.

सातारा–सांगली भाग : कायदा झाला तेव्हा आजचा सांगली जिल्हा दक्षिण सातारा या नावाने ओळखला जाई, तत्कालीन कागदपत्रे त्या नावाखाली पाहावीत. करमुक्तीची मर्यादा इतकी उंच होती की बहुसंख्य शेतकरी कुटुंबे त्याच्या कक्षेबाहेरच राहिली. तथापि बचत कशाला म्हणावे, हा कॅल्डॉर यांच्या विवेचनातील कळीचा प्रश्न येथे सहकारी साखर कारखानदारीने वेगळ्या रूपात उभा केला. ऊसबिलातून कारखाना जी कपात करतो, तिच्यात परतीच्या व बिनपरतीच्या ठेवी असत. शेतकऱ्याच्या हाती न आलेली ही रक्कम त्याची बचत, कारखान्याचे भांडवल की केवळ कमी मिळालेला दर? सभासदाला विचारले तर बहुधा तिसरे उत्तर मिळेल. अशा ठेवी कारखान्याचे करपात्र उत्पन्न ठरतात का, हा वाद सोलापूरच्या सिद्धेश्वर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

सोन्याचेही तसेच. विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त देशभर पसरले आहेत आणि घरची शिल्लक दागिन्यांत ठेवण्याची रीत या पट्ट्यात जुनी आहे. अंगावर घातलेला दागिना हा खर्च आणि पेटीतला दागिना ही बचत, असा भेद कोणत्याही विवरणपत्रात करता येत नाही. शेतीचे उत्पन्न केंद्राच्या प्राप्तिकराबाहेर असल्याने ऊस, हळद व द्राक्षे यांतून आलेल्या पैशावर बचतीसाठी करसवलतीचे आमिष चालत नाही. अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांच्या समितीने १९७२ मध्ये शेतजमिनीवरील करासाठी केलेली शिफारस राज्यांनी स्वीकारली नाही. १९७३ पासून शेती-उत्पन्न फक्त अन्य उत्पन्नाचा दर ठरवण्यापुरते मोजले जाते.

पुढील संशोधन : करसवलतीने एकूण बचत वाढते की ती केवळ एका खात्यातून दुसऱ्यात जाते, यावर अर्थशास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मायकेल बॉस्किन यांनी १९७८ मध्ये अमेरिकी आकडेवारीवरून करोत्तर व्याजदराचा बचतीवर लक्षणीय परिणाम दाखवला. नंतरच्या अभ्यासकांनी तो अंदाज फार मोठा मानला. १९७८ मध्येच ब्रिटनमध्ये अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांच्या समितीने खर्चकराची पुन्हा शिफारस केली. भारतात १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील ८०सी कलमाखालील, ठरावीक गुंतवणुकींसाठीच्या वजावटी हे या विचाराचे अर्धवट रूप म्हणता येईल : पैसे गुंतवताना सूट, पण मुदतीअंती ते काढून खर्च केले तरी भविष्य निर्वाह निधीसारख्या योजनांत कर नाही. २००९ च्या प्रत्यक्ष करसंहितेच्या मसुद्यात काढतेवेळी कर लावण्याचा प्रस्ताव होता. तो टिकला नाही. २०२० मधील पर्यायी करप्रणालीत दर कमी करून या वजावटी वगळण्यात आल्या आणि २०२३ पासून करदात्याने दुसरी निवडली नाही तर तीच प्रणाली लागू होते.