माहितीशोध, कार्यालयीन

माहितीशोध, कार्यालयीन : हातातले काम पुढे नेण्यासाठी कर्मचारी लागणारी माहिती कोठून व कशी मिळवतात, त्या वर्तनाला ही संज्ञा लावतात. ग्रंथालयातला वाचक विषय घेऊन येतो. कार्यालयातला शोध अडलेल्या कामातून निघतो. मसुदा लिहिताना मागच्या पत्राचा जावक क्रमांक हवा असतो. तो सापडला की शोध थांबतो.

स्रोत कोणत्या कसोटीवर निवडला जातो, हा या अभ्यासातील जुना वाद. संशोधन-विकास विभागातील अभियंत्यांची पाहणी करून गर्स्टबर्गर व ॲलन यांनी १९६८ मध्ये दाखवले, की निवड स्रोताच्या दर्जापेक्षा तो किती सहज हाताशी आहे यावर ठरते. त्याला झिप्फ यांच्या किमान श्रमाच्या तत्त्वाचा (१९४९) आधार देऊन काहींनी हे आळसाचे लक्षण मानले. ते अपुरे वाटते. शेजारच्या टेबलावर “हा दर कधी बदलला हो?” असे विचारले, की आकड्याबरोबर तो का बदलला, अपवाद कोणाला दिला, हेही कळते, फायलीत बहुधा केवळ आकडा असतो. शिवाय विचारणे फुकट नसते, त्यात आपले अज्ञान उघडे पडते. ॲलन यांनीच पुढे (१९७७) टेबलांमधले अंतर वाढले की संवाद झपाट्याने घटतो, हे मांडले. तेव्हा ‘हाताशी’ या शब्दात जागा आणि ओळख दोन्ही येतात. फिनलंडमधील सार्वजनिक प्रशासनातील कर्मचाऱ्यांवरील ब्यूस्ट्रम व यार्वेलिन यांचा अभ्यास (१९९५) येथे अधिक उपयोगी ठरतो : काम जितके गुंतागुंतीचे, तितके स्रोत वाढतात, कार्यालयाबाहेर जावे लागते आणि यश मात्र घटते.

शोधाचा मोठा भाग म्हणजे आपणच ठेवलेले पुन्हा शोधणे. मॅलोन यांनी १९८३ मध्ये टेबलांवरील कागदांचे दोन प्रकार सांगितले : नाव देऊन लावलेल्या फायली आणि नुसते ढीग. त्यांच्या मते ढीग निरर्थक नसतो. वर दिसणारा कागद राहिलेल्या कामाची आठवण देतो. तोच कागद कपाटात गेला, की काम विसरले जाण्याचा धोका असतो.

ई-मेलमध्ये बारकाईने फोल्डर लावणाऱ्यांना जुने संदेश अधिक यशस्वीपणे सापडतात असे नाही, असे व्हिटेकर व सहकाऱ्यांना आढळले (२०११). संगणकावरील स्वतःच्या फायलींसाठी मात्र, शोधयंत्र सुधारले तरी, लोक फोल्डरच उघडत जातात, असा बर्गमन व सहकाऱ्यांचा निष्कर्ष आहे (२००८).