पांढरे पडलेले गुलाब

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या गुलाबांचं चित्र आहे. आज ते गुलाब जवळजवळ पांढरे दिसतात. मे १८९० मध्ये ते गुलाबी होते. रंग उडाल्याने तिथे नेमकं काय हरवलं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

फ्रेंच कला अकादमीच्या चित्रप्रकारांच्या उतरंडीत स्थिरचित्र, म्हणजे फुलं-फळं-भांडी अशा निश्चल वस्तूंचं चित्र, पार तळाला होतं. कलेवर लिहिणाऱ्या फेलिबियँने १६६७ मध्ये ही उतरंड लिहून काढली. डच चित्रकार कोमेजत्या पाकळीतून नश्वरता सुचवत, पण तो संकेत सगळ्यांना पाठ होता.

व्हॅन गॉग फुलांकडे वळला तो मात्र नाइलाजाने. १८८६ मध्ये पॅरिसला आला तेव्हा मॉडेलला द्यायला पैसे नव्हते. ओळखीचे लोक दर आठवड्याला फुलं देत, तीच समोर ठेवून तो बसे. निळ्याशेजारी नारिंगी, तांबड्याशेजारी हिरवा, पिवळ्याशेजारी जांभळा, असा रियाज चाले. विरोधी रंग शेजारी आले की एकमेकांना पेटवतात, हे रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रलने १८३९ मध्येच मांडलं होतं. रंगाचा जाड लेप द्यायची ओढ मार्सेचा चित्रकार मोंतिचेल्ली याची चित्रं पाहून वाढली.

ऑगस्ट १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला, चित्रकार मित्र गोगँ राहायला येणार या आनंदात, सूर्यफुलं झाली. फुलं लवकर माना टाकतात म्हणून व्हॅन गॉग सूर्योदयालाच कामाला लागायचा. एका चित्रात फुलं पिवळी, फुलदाणी पिवळी, मागची भिंतही पिवळी. रियाजातला विरोध त्याने इथे चक्क बाजूला ठेवला. या सूर्यफुलांत कृतज्ञता आहे, असं त्याने पुढे बहिणीला लिहिलं.

पुढे तो आर्लजवळच्या सें-रेमीच्या मनोरुग्णालयात होता. ते सोडण्याआधीच्या दिवसांत, मे १८९० मध्ये, त्याने आयरिसच्या फुलांची दोन चित्रं केली. एकात जांभळी फुलं पिवळ्यावर, रंगांची उघड झुंज. दुसऱ्यात तीच फुलं गुलाबीवर, सगळं मऊ. फूल एकच, भाव पालटला तो मागच्या रंगाने. पण त्याने वापरलेला तांबडा उजेडात टिकणारा नव्हता. जांभळ्यातला तांबडा गेला आणि आयरिस निळे झाले, गुलाबी पार्श्वभूमी फिकी पडली. त्याच दिवसांतल्या गुलाबांच्या चित्राचंही तेच झालं: पाकळ्यांवर आणि टेबलाच्या कडेला गुलाबीची पुसट खूण तेवढी उरली आहे.