सांडव्याच्या पायरीवर बसलेला माणूस

जुलै उजाडला की पेपरात एक ठरलेली बातमी येते: 'भुशी धरण ओव्हरफ्लो'. सोबत फोटो. पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेली माणसं, त्यांच्या पाठीवरून उतरणारं पांढरंशुभ्र पाणी, कुणाच्या हातात भाजलेलं कणीस. वाचणाऱ्याला वाटतं, धरणाने काहीतरी हद्द ओलांडली. प्रत्यक्षात धरण बांधणाऱ्याने जे ठरवलं होतं तेच, त्याने ठरवलेल्या जागी चाललेलं असतं.

लोणावळ्याजवळ इंद्रायणीवरचं हे छोटं धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं. इंजिनं गेली, धरण राहिलं. ज्या भागावरून जादा पाणी वाहून जातं त्याला सांडवा म्हणतात. पाणी उंचावरून एकदम कोसळलं तर पायथ्याचा दगड खणून काढतं. पायरीपायरीने उतरलं की त्याचा जोर प्रत्येक टप्प्यावर थोडाथोडा जिरतो. म्हणजे आपण ज्या पायरीवर पाठ टेकून बसतो, ती पाण्याचा जोर मोडायची जागा आहे. कुकरच्या शिट्टीवर जाऊन बसावं, तसलाच हा प्रकार.

धरण सुरक्षित असतं ते सांडवा मोकळा वाहतो म्हणून, आणि माणसासाठी सगळ्यात धोक्याची जागाही तीच. आधी हे पाणी किती फसवं असतं ते पाहू. सांडव्याच्या माथ्यावर पाण्याची उंची 10 सेंटीमीटर असेल, तर मीटरभर रुंदीतून सेकंदाला साधारण 50 लिटर पाणी जातं. उंची 20 झाली की 100 नाही, 150 लिटर जातं. डोळ्याला पाणी जेमतेम वीतभर चढलेलं दिसतं, पण पायाला ते तिप्पट लागतं. वेगाचं गणित आणखी वाईट आहे. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. गुडघ्याएवढं पाणी सेकंदाला 2 मीटरने, म्हणजे संथ धावणाऱ्या माणसाच्या गतीने, आलं तर दोन्ही पायांवर मिळून साधारण 30 किलोचा रेटा बसतो. 3 मीटरने आलं तर सत्तरच्या आसपास. त्यात पाण्यात माणूस हलका होतो आणि पायाखाली शेवाळ असतं. 'मला पोहता येतं' या वाक्याचा इथे काही उपयोग नाही, कारण इथे पोहण्याइतकं पाणीच नसतं.

30 जून 2024 ला भुशी परिसरात पुण्याहून आलेल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात चार मुलं होती. आपण धरणाचं नाव घेतो, पण ते सांडव्यावर नव्हते. धरणाच्या मागच्या बाजूला, जलाशयात येऊन मिळणाऱ्या धबधब्याच्या प्रवाहात ते उभे होते. तिथे ना सांडवा ना दरवाजा, कुणी पाणी सोडलं नव्हतं. डोंगरावरचं पाणी वाढलं, एवढंच. आता हिशोब करा: एक चौरस किलोमीटर डोंगरावर तासाला 50 मिलिमीटर पाऊस पडतोय, जमीन आधीच भिजून चिंब आहे, आणि जवळजवळ सगळं पाणी एकाच ओढ्यात येतंय. सेकंदाला 14 हजार लिटरच्या आसपास होतात. दर सेकंदाला एक मोठा टँकर आणि वर थोडं. घाटातले उतार इतके तीव्र आहेत की हे पाणी खाली यायला तास लागत नाहीत, मिनिटं लागतात. आपल्या डोक्यावर पाऊस थांबलेला असतो आणि वरच्या पठारावर कोसळत असतो. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या यायला लागल्या, आवाज जड झाला, की वर काय चाललंय ते कळतं. त्या वेळी सामान गोळा करत बसायचं नसतं.

आता भिंतीकडे वळू. तिच्याकडे पर्यटक बघत नाही, कारण बघण्यासारखं तिथे काही नसतं.

महाराष्ट्रातले बहुतेक छोटे तलाव मातीच्या भिंतीचे. मधोमध काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरुमाचं आवरण, पाण्याच्या बाजूला लाटा झेलायला दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेलं दगडांचं अस्तर. अशा भिंतीला सांडव्यावरून पाणी जाणं चालतं, माथ्यावरून जाणं अजिबात चालत नाही. माथ्यावरून उतरणारं पाणी पलीकडचा उतार खरवडत जातं आणि काही तासांत भिंतीला खिंडार पडतं. म्हणूनच पूर आला तरी पाण्याची पातळी माथ्याच्या बरीच खाली राहील, असा सांडवा बांधतात. सांडव्यात कुणी मासे अडवायला जाळी लावली किंवा जास्त पाणी साठावं म्हणून मातीची पोती रचली, तर तो हे मोकळं अंतरच खातो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका लघुपाटबंधारे तलावावर गेलो होतो. गर्दी सांडव्यावर होती. चौकीदारकाका मात्र भिंतीच्या पायथ्याशी, गुडघाभर गवतात. तिथे एक छोटी नाली आणि तिच्यात पत्र्याची आडवी पट्टी, मधे इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. भिंतीतून पाझरलेलं पाणी या खाचेतून जातं. मी जरा दचकून विचारलं, "काका, भिंत गळतेय का?"

"मातीची भिंत हाय, पाणी येणारच," ते म्हणाले. "किती येतं आन् कसं येतं, ते बघायचं."

किती, ते खाचेवर मोजतात. काटकोनी खाचेत पाणी 5 सेंटीमीटर उंच असेल तर सेकंदाला पाऊण लिटर, 10 असेल तर चार लिटरांहून जास्त. तलावाची पातळी तेवढीच असताना हा आकडा चढायला लागला, तर आत काहीतरी बदललं. आणि कसं, ते बघायला काकांनी खिशातून चहाचा काचेचा ग्लास काढला, खाचेखाली धरून भरला आणि दगडावर ठेवला. बिडी संपेपर्यंत आम्ही थांबलो. ग्लासाच्या तळाशी काही बसलं नव्हतं. "नितळ हाय," म्हणून त्यांनी पाणी ओतून दिलं.

त्या ग्लासात धरणशास्त्राचा बराच मोठा भाग आहे. नितळ पाझर म्हणजे नुसतं पाणी येतंय. गढूळ पाझर म्हणजे पाण्याबरोबर भिंतही येतेय, कणाकणाने. आत बारीक वाट तयार होते, वाट रुंदावली की पाणी वाढतं, पाणी वाढलं की वाट आणखी रुंदावते. अमेरिकेतलं टेटन धरण 90 मीटरहून उंच होतं. 5 जून 1976 च्या सकाळी तिथे गढूळ पाझर दिसला आणि दुपारचे बारा वाजायच्या आत धरण फुटलं.

आपल्याकडचं तिवरे आठवत असेल. चिपळूण तालुक्यातलं मातीचं धरण, 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, खालची भेंदवाडी वाहून गेली. गळतीबद्दल गावकरी आधीपासून सांगत होते. नंतर जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं आणि महाराष्ट्र हसला. मला त्या हसण्यात अर्धीच मजा वाटली. बिळं करणारे प्राणी मातीच्या भिंतीला खरोखर घातक असतात: उंदीर, घुशी, साळिंदर, खेकडेही. पण म्हणूनच तर पावसाळ्याआधी भिंतीवरचं गवत-झुडपं काढून बिळं शोधायची आणि बुजवायची असतात. खेकडा बीळ करणार, त्याचा तो धर्मच आहे. बीळ न दिसणं हा माणसाचा प्रश्न.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तपासणी सक्तीची केली. पण हा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना लागू होतो, आणि 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना काही अटींवर. गावाशेजारचा सात-आठ मीटर उंचीचा पाझर तलाव त्यात बसत नाही. सहलीला मात्र आपण तिथेच जातो.

आणि जाऊन काय करतो? मुलं पिचिंगचे दगड उपसून पाण्यात भाकऱ्या खेळतात. दोन-चार दगडांनी काही होत नाही, पण दर रविवारी दगड निघत गेले की लाटा थेट मातीला लागतात. माथ्यावर बाइक नेल्या की चाकोऱ्या पडतात, त्यांत पाणी साठतं आणि नेमक्या एकाच जागेवरून उतारावर वाहतं. भिंतीवरून सरळ खाली उतरायची शॉर्टकट पायवाट पावसात घळ बनते. उरला पोहण्याचा प्रश्न. तळाला कंबरभर गाळ असतो हे एक. दुसरं, मोठ्या तलावात भिंतीखालून पाणी बाहेर नेणारा नळ असतो, त्याला मोरी म्हणतात; 10 मीटर खोलीवरच्या फूटभर व्यासाच्या मोरीचं तोंड उघडं असताना तिथे कुणी ओढला जाऊन चिकटला, तर त्याला दाबून धरणारा जोर 700 किलोच्या आसपास भरतो. मोरीच्या विहिरीजवळ सूर मारणाऱ्याला हे वरून दिसत नाही.

म्हणून सहलीला गेलात तर दहा मिनिटं भिंतीच्या पायथ्याला, कोरड्या बाजूला, लांबून चक्कर मारा. सगळीकडे सुकं असताना एखाद्याच पट्ट्यात हिरवंगार गवत, माथ्याला लांबीच्या दिशेने गेलेली भेग, कुठे खचलेला खड्डा, बुडबुडे येणारा झरा, गढूळ पाणी. यातलं काही दिसलं तर फोटो काढा आणि चौकीदाराला, सरपंचाला किंवा तलाठ्याला दाखवा. कुणीच भेटलं नाही तर 1077 हा जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर आहे. फोनवर तीन गोष्टी सांगा: भिंतीच्या कुठल्या टोकाकडे, पायथ्यापासून किती उंचीवर, आणि पाणी नितळ आहे की गढूळ.